फायटिंग गेमचा सपोर्ट किती वर्षांचा लिहून द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचा तुमचा गट द्विमितीय फायटिंग गेम (दोन खेळाडूंनी एकेक पात्र घेऊन लढायचा व्हिडिओ गेम) तयार करत आहे, सुरुवातीला आठ पात्रे असतील, गेम आधी स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात आणि मग कन्सोलवर आणायचा आहे, आणि प्रकाशकाने करारात ‘लाँचनंतर तीन वर्षे सपोर्ट’ असे कलम घातले आहे. तीन वर्षे जास्त होतात की कमी पडतात, आणि दरवर्षी किती नवी पात्रे द्यावी लागतात, हे तुम्हाला विचारायचे आहे. मी बरीच वर्षे अशा गेम्सच्या ऑनलाइन कोडचे आणि लाँचनंतरच्या पॅचेसचे (दुरुस्त्या आणि बदलांच्या आवृत्त्यांचे) काम करत आलो आहे, त्या आधारावर लिहितो. वर्षांच्या आकड्याकडे शेवटी येईन, कारण खरी अडचण आकड्याची नाही. त्या एका ओळीत चार निरनिराळी कामे एकत्र बांधली गेली आहेत, आणि त्या चारही कामांचा खर्च, मुदत आणि थांबण्याची योग्य वेळ वेगवेगळी असते.

पहिले काम म्हणजे गेम चालू ठेवणे: विंडोजची नवी आवृत्ती आली, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, कन्सोलची पुढची पिढी आली, तरी गेम उघडला पाहिजे. दुसरे काम ऑनलाइन सामने चालू ठेवण्याचे. तिसरे बॅलन्सचे, म्हणजे कोणते पात्र फार प्रबळ झाले आणि कोणते निरुपयोगी ठरले हे पाहून आकडे बदलण्याचे. चौथे काम नवी पात्रे, पोशाख, रंगमंच यांचे. प्रकाशक ‘सपोर्ट’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने चौथे काम असते, कारण तेवढेच विकता येते. खेळाडूंना मात्र वर्षानुवर्षे पहिली दोन कामे हवी असतात, आणि त्यांच्यापासून थेट पैसा येत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. गेम किती विकला जाईल, इंजिन तुमचे स्वतःचे आहे की विकत घेतलेले, पात्रे तुमच्या मालकीची आहेत की कुणाच्या परवान्यावर घेतलेली, आणि लाँचनंतर तुमच्यातील किती जण दुसऱ्या प्रकल्पाकडे वळणार, यांवर पुढचे बरेच काही ठरेल. तुम्ही हे लिहिलेले नाही, म्हणून पात्रे तुमचीच आहेत आणि विक्री मध्यम असेल असे मी धरून चालतो.

चौथ्या कामापासून सुरुवात करतो, कारण त्याचा हिशेब सर्वांत स्पष्ट मांडता येतो. तुमच्यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण ‘स्कलगर्ल्स’चे आहे. तो गेम 2012 मध्ये आला, तेव्हा त्यातही आठच पात्रे होती. 2013 मध्ये लॅब झीरो गेम्स या छोट्या स्टुडिओने इंडीगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर एका नव्या पात्रासाठी 1,50,000 डॉलर मागितले आणि त्यांचा तपशील उघडपणे मांडला. आठ जणांच्या दहा आठवड्यांच्या पगारासाठी 48,000, अ‍ॅनिमेशनच्या बाहेरून करून घेतलेल्या कामासाठी 30,000, चाचण्यांसाठी 20,000, कन्सोल कंपन्यांच्या मान्यतेसाठी 10,000, ध्वनीच्या जोडणीसाठी 5,000, आवाजाच्या रेकॉर्डिंगसाठी 4,000, हिटबॉक्ससाठी (फटका कुठे लागतो ते ठरवणाऱ्या चौकटींसाठी) 2,000, आणि उरलेले 31,000 निधीसंकलनाचे शुल्क व देणगीदारांना पाठवायच्या वस्तूंसाठी. तेव्हा अनेकांना ही रक्कम अवाच्या सवा वाटली. मला उलट वाटते. आठ जणांना दहा आठवडे 48,000 म्हणजे माणशी आठवड्याला 600 डॉलर होतात, आणि अमेरिकेत तो पगार कमीच म्हटला पाहिजे. मोहिमेत शेवटी 8 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि आणखी पात्रे तयार झाली, पण मूळ हिशेबातून शिकण्यासारखे अधिक आहे. निधीसंकलनाचा खर्च वगळला तर 1,19,000 डॉलर उरतात, आणि त्यांतले 30,000, म्हणजे चौथा हिस्सा, चाचण्या आणि मान्यता यांतच जातात. नवशिके गट पात्राचा खर्च काढताना चित्रकार आणि अ‍ॅनिमेटर यांचाच विचार करतात, आणि हा चौथा हिस्सा त्यांच्या कागदावर नसतो. तुम्ही रुपयांत पगार देत असलात, तरी मान्यतेचा आणि चाचण्यांचा खर्च त्या प्रमाणात खाली येईलच असे नाही.

चाचण्यांचा खर्च स्थिरही राहत नाही. आठ पात्रे असतील तर प्रत्येक पात्राची स्वतःशी होणारी लढत धरून 36 जोड्या होतात. स्कलगर्ल्स 2015 पर्यंत 14 पात्रांवर गेला, म्हणजे 105 जोड्या झाल्या. 2021 पासूनच्या सीझन पासमध्ये (एकत्र विकल्या जाणाऱ्या नव्या पात्रांच्या संचात) आणखी चार आली, तेव्हा 18 पात्रांच्या 171 झाल्या. पात्रे सव्वादोन पट झाली आणि जोड्या पावणेपाच पट. मोठ्या कंपन्यांकडे पाहिले तर हा फुगवटा आणखी डोळ्यांत भरतो. ‘स्ट्रीट फायटर 5’ फेब्रुवारी 2016 मध्ये 16 पात्रांसह आला, म्हणजे 136 जोड्या, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ल्यूक हे पात्र आल्यावर पात्रांची संख्या 45 झाली, म्हणजे 1,035 जोड्या. पाचवे पात्र देताना जेवढी तपासणी पुरते, तेवढ्याच तपासणीवर चाळिसावे पात्र देता येत नाही. म्हणून ‘दरवर्षी चार पात्रे’ असे सरसकट वचन देणाऱ्या गटाला मी नेहमी विचारतो, की तिसऱ्या वर्षीच्या चार पात्रांसाठी तुम्ही पहिल्या वर्षीएवढाच खर्च धरला आहे का. बहुधा धरलेला असतो.

आता दुसऱ्या कामाकडे येतो. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या गेमचे आयुष्य इथेच ठरणार आहे. फायटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेम्सने चालतो, म्हणजे एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद मिळतात. दोन खेळाडूंमधील पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ, 100 मिलिसेकंद असेल, तर एकाने दाबलेले बटण दुसऱ्याच्या यंत्रावर पोहोचायला सुमारे 50 मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम्स लागतात. जुन्या पद्धतीत दोन्ही यंत्रे तेवढा वेळ थांबत, त्यामुळे सगळा खेळच जड आणि चिकट वाटे. रोलबॅक पद्धतीत यंत्र थांबत नाही. समोरचा खेळाडू आत्तापर्यंत जे बटण दाबून होता तेच दाबून असेल असा अंदाज करून खेळ पुढे नेते, आणि खरे बटण वेगळे निघाले की जतन केलेल्या स्थितीवर मागे जाऊन मधल्या फ्रेम्स नव्याने मोजते. टोनी कॅनन यांनी तयार केलेली जीजीपीओ ही याच पद्धतीची लायब्ररी ऑक्टोबर 2019 मध्ये एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येईल अशी, खुली झाली, त्यामुळे लहान गटालाही आता ही पद्धत हाताशी आहे.

ही पद्धत पहिल्या दिवसापासून गेमच्या गाभ्यात असेल तर स्वस्त पडते; नंतर बसवायची म्हटली तर कंबर मोडते. ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’ जानेवारी 2018 मध्ये रोलबॅकशिवाय आला, 2022 मध्ये रोलबॅक देण्याची घोषणा झाली आणि ते प्रत्यक्षात यायला फेब्रुवारी 2024 उजाडले. ही मोठ्या प्रकाशकाची, उत्तम खपाच्या गेमची गोष्ट आहे. ‘व्हर्चुआ फायटर 5’ मुळात 2006 चा आर्केड गेम. त्याला रोलबॅक मिळाले ते जानेवारी 2025 मध्ये स्टीमवर आलेल्या आवृत्तीत. रोलबॅक बसवून जुना गेम पुन्हा जिवंत करता येतो हे यातून दिसते खरे, पण तो खर्च पेलणारी कंपनी मागे उभी असावी लागते. तुमच्या मागे ती नाही.

रोलबॅक एकदा बसवले म्हणजे काम संपले, असेही नाही. मागे जाऊन सात फ्रेम्स नव्याने मोजायच्या असतील, तर त्या सातही आणि चालू फ्रेम असे आठ फ्रेम्सचे गणित 16.67 मिलिसेकंदांत संपले पाहिजे, चित्र काढण्याचा वेळ वेगळाच. म्हणजे गेमच्या तर्काला एका फ्रेमसाठी दीड मिलिसेकंद, फार तर त्याहून थोडे अधिक मिळतात. लाँचच्या वेळी तुम्ही या मर्यादेत असता. मग दुसऱ्या वर्षी कोणीतरी पडदाभर फेकायच्या वस्तू सोडणारे पात्र आखतो, आणि साध्या संगणकावर ऑनलाइन सामने अडखळू लागतात. दुसरा धोका अधिक छुपा आहे. प्रत्येक नव्या पात्राबरोबर नव्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: विषाचा कालावधी, सापळ्याची जागा, साठवलेल्या ताकदीची पातळी. यांतले एखादे चल जतन करायच्या स्थितीत घालायचे राहिले, की दोन खेळाडूंच्या पडद्यांवर दोन वेगवेगळे सामने चालू होतात, आणि ते क्वचितच घडत असल्यामुळे कार्यालयातल्या चाचणीत सापडत नाही. म्हणून माझ्या कामाच्या पद्धतीत एक नियम पक्का आहे. एकाच यंत्रावर दर फ्रेमला मुद्दाम मागे जाऊन पुन्हा मोजणारी आणि दोन्ही वेळच्या स्थितींचा चेकसम (सगळ्या स्थितीवरून काढलेला एक पडताळणीचा आकडा) ताडून पाहणारी चाचणी रात्रभर चालली पाहिजे, आणि नवे पात्र तिच्यातून निघाल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. जीजीपीओमध्ये अशा चाचणीची सोय आहेच. ती वापरण्याचा आळस मात्र मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे.

ऑनलाइनच्या बाबतीत स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमसारख्या कंपनीचेही किती काळ चुकू शकते, याचे उदाहरण स्ट्रीट फायटर 5 मध्येच आहे. त्यात पहिल्या दिवसापासून रोलबॅक होते, पण दोन्ही यंत्रांची वेळ एकमेकांशी नीट जुळत नव्हती, त्यामुळे एकाचा खेळ सुरळीत चाले आणि मागे जाण्याचा सगळा त्रास दुसऱ्याच्या वाट्याला येई. जानेवारी 2020 मध्ये एका खेळाडूने पीसी आवृत्तीसाठी स्वतःच दुरुस्ती तयार केली आणि त्यानंतर फेब्रुवारीत कंपनीचा अधिकृत पॅच आला. गेम आल्याला तोवर चार वर्षे झाली होती. या चार वर्षांत नवी पात्रे वेळच्या वेळी येत होती. विकता येणारे काम वेळेवर होते आणि न विकता येणारे मागे पडते; तुमच्या करारात चारही कामे वेगवेगळी लिहा असे मी म्हणतो ते यासाठीच.

भारतात खेळाडू असतील असे धरत असाल, तर आणखी एक तरतूद करा. आपल्याकडे अनेक जोडण्यांना, विशेषतः मोबाइल नेटला, स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे दोन खेळाडूंची यंत्रे थेट जोडली जात नाहीत आणि मधे दोघांचे संदेश पुढे पोहोचवणारा रिले सर्व्हर लागतो. तो स्वतः भाड्याने घेतलात तर दर महिन्याचे बिल कायमचे मागे लागते. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी आपल्या स्टीम विकसकांना रिलेची सोय विनामूल्य देते आणि एपिकच्या ऑनलाइन सेवाही विनामूल्य आहेत, तेव्हा लहान गटाने याच वापराव्यात. मात्र परक्याची सेवा कधीतरी बंद होते, हे गृहीत धरून चाला. मे 2014 अखेर गेमस्पाय ही सामने जुळवणारी सेवा बंद झाली तेव्हा अनेक गेम्सचे ऑनलाइन सामने तिच्याबरोबर गेले. ‘स्ट्रीट फायटर 4’ची पीसी आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या सेवेवर उभी होती, आणि त्याच वर्षी ‘अल्ट्रा’ आवृत्तीच्या वेळी ती स्टीमवर हलवावी लागली. म्हणून सामने जुळवणारा आणि जोडणी करणारा भाग लढाईच्या कोडपासून इतका अलग ठेवा, की उद्या एका माणसाला तो काही आठवड्यांत बदलता येईल.

तिसऱ्या कामाबद्दल, म्हणजे बॅलन्सबद्दल, माझे मत बहुतेक तरुण विकसकांच्या मताच्या उलट आहे. बदल कमी वेळा करा. फायटिंग गेमचा खेळाडू एखाद्या पात्रावर शेकडो तास घालवतो. त्याची सवय दर महिन्याला मोडत राहिलात तर तो गेम सोडतो. ‘स्ट्रीट फायटर 6’ जून 2023 मध्ये आला आणि सर्व पात्रांचा पहिला मोठा फेरबदल मे 2024 मध्ये, अकुमा या नव्या पात्राबरोबर आला. मधल्या काळात लहान दुरुस्त्याच झाल्या. हा वेग मला योग्य वाटतो. उलट बाजूला ‘टेकन 8’ची एप्रिल 2025 मधील दुसऱ्या सीझनची सुरुवात पाहा. आक्रमणाला आणखी झुकते माप देणाऱ्या त्या बदलावर खेळाडू इतके भडकले की स्टीमवरील परीक्षणे तळाला गेली आणि कंपनीला घाईघाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या. तरीही हात अजिबातच आखडता घेऊन चालत नाही. ‘टेकन 7’ मध्ये डिसेंबर 2019 ला लीरॉय स्मिथ हे पात्र आले आणि पुढच्याच महिन्यात एव्हो जपान स्पर्धेच्या अंतिम आठ जणांत सहा जण त्यालाच घेऊन बसले होते. अशा वेळी वार्षिक फेरबदलाची वाट पाहता येत नाही. माझी पद्धत अशी आहे: स्पर्धा अक्षरशः बिघडवणारी गोष्ट ताबडतोब काढायची, बाकी सर्व तक्रारी वहीत लिहून ठेवायच्या, आणि वर्षातून एकदा किंवा फार तर दोनदा बसून त्या वहीकडे पाहायचे. बऱ्याच तक्रारींवर तोवर खेळाडूंनीच उपाय शोधलेला असतो.

पॅच कधी सोडायचा, यावरही थोडे लिहितो. कन्सोलवरील प्रत्येक पॅच त्या कंपनीच्या मान्यतेतून जातो आणि त्याला दिवस लागतात. पीसी आणि कन्सोल यांच्या खेळाडूंना एकमेकांशी खेळू देणार असाल, तर दोन्हीकडे आवृत्ती एकच हवी. म्हणजे सर्वांत हळू मान्यता देणाऱ्याच्या वेगानेच तुम्हाला चालावे लागेल. बॅलन्सचे आकडे सर्व्हरवरून छोट्या फाइलने पाठवण्याची युक्ती अनेक जण करतात आणि ती उपयोगी आहे, परंतु स्पर्धेच्या सभागृहात इंटरनेटला न जोडलेली यंत्रे जुन्याच आकड्यांवर राहतात आणि आयोजकांच्या डोक्याला ताप होतो. आवृत्तीचा क्रमांक सुरुवातीच्या पडद्यावर ठळक दाखवा आणि मोठ्या स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन आठवडे काहीही बदलू नका. तसेच, फक्त बटणांची नोंद ठेवणारे रिप्ले नियम बदलले की जुळेनासे होतात, हे खेळाडूंना आधीच सांगून ठेवा.

नवे पात्र विकत न घेतलेल्या खेळाडूलाही त्याच्याविरुद्ध ऑनलाइन लढावेच लागते, म्हणून पात्राचा सर्व डेटा मोफत पॅचमधून सर्वांकडे गेला पाहिजे. त्यापुढे एक पाऊल टाका आणि सरावाच्या भागात ते पात्र प्रतिस्पर्धी म्हणून सर्वांना मोफत द्या. न घेतलेल्या पात्राकडून वारंवार हरणारा माणूस ते पात्र क्वचितच विकत घेतो; बहुतेक वेळा तो गेम बंद करतो. टेकन 7 मध्ये फ्रेम डेटा (कोणत्या चालीला किती फ्रेम्स लागतात ते) दाखवण्याची सोय पैसे घेऊन दिली गेली, ते मला तेव्हाही पटले नव्हते. शिकण्याची साधने विकू नयेत. पोशाख खुशाल विकावेत.

शेवट कसा असावा, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते, आणि इथे तुमच्या प्रकाशकाच्या कलमात काहीच नाही. वॉर्नर ब्रदर्सचा ‘मल्टिव्हर्सस’ जुलै 2022 मध्ये खुल्या बीटातून (सर्वांसाठीच्या चाचणी आवृत्तीतून) आला, जून 2023 मध्ये काढून घेतला गेला, मे 2024 मध्ये पुन्हा आला आणि 30 मे 2025 ला त्याचे ऑनलाइन कायमचे बंद झाले. स्थानिक सामन्यांची सोय मागे ठेवली, एवढे तरी बरे झाले. याउलट ‘किलर इन्स्टिंक्ट’ पाहा. नोव्हेंबर 2013 मध्ये तो डबल हेलिक्सने आणला, काही महिन्यांतच अ‍ॅमेझॉनने ती कंपनी विकत घेतली, पुढचे सीझन आयर्न गॅलक्सीने सांभाळले, आणि नव्या पात्रांचा ओघ थांबून वर्षे लोटल्यावर 2023 मध्ये दहाव्या वर्षानिमित्त त्याला पुन्हा मोठे अपडेट मिळाले. स्कलगर्ल्सच्या मागचा स्टुडिओही 2020 मध्ये मोडला, आणि पुढचे काम हिडन व्हेरिएबल व जुन्या सदस्यांच्या फ्यूचर क्लबने केले. विकसक बदलूनही गेम टिकतो, मात्र कोड, मूळ चित्रे आणि बांधणीची कृती दुसऱ्याच्या हाती देण्याजोगी असावी लागते. हक्कांचेही तसेच आहे. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 3’ डिसेंबर 2013 मध्ये परवाना संपताच डिजिटल दुकानांतून नाहीसा झाला. स्कलगर्ल्सची पात्रे परवान्यावरची नव्हती, तरी त्याच सुमारास जुन्या प्रकाशकापासून वेगळे होताना तो कन्सोलच्या दुकानांतून उतरवावा लागला आणि ‘एन्कोर’ या नावाने पुन्हा आणावा लागला.

पात्रे येणे थांबले म्हणजे गेमची गरज संपली, असे कोणी समजू नये. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकासाठी स्ट्रीट फायटर 5 निवडला गेला होता; स्पर्धा वर्षभर पुढे गेली आणि सप्टेंबर 2023 मध्ये भारतासह सर्व देशांचे खेळाडू त्या जुन्या गेमवर खेळले, स्ट्रीट फायटर 6 बाजारात येऊन तीन महिने उलटून गेले असताना. आणि आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स 97’ वर्षानुवर्षे खेळला गेला, त्याला कुणी कधी पॅच दिला नव्हता. निंटेंडोच्या 2001 सालच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’चेही असेच आहे, 2020 मध्ये त्याला रोलबॅक दिले ते खेळाडूंनीच, स्लिप्पी या सॉफ्टवेअरच्या रूपाने. तुमचे शेवटचे पॅच गेमला या अवस्थेत सोडून गेले, तर तुम्ही चांगले काम केलेत असे मी म्हणेन.

आता आकडे. निंटेंडोने ‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ला डिसेंबर 2018 पासून 2021 अखेरपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, पात्रे आणि बॅलन्स दिले. ‘मॉर्टल कॉम्बॅट 11’ एप्रिल 2019 चा. नवी पात्रे थांबल्याची घोषणा जुलै 2021 मध्ये, सव्वादोन वर्षांनी झाली. स्ट्रीट फायटर 5 ने सहा वर्षे ओढली. तुम्ही पाच जण आहात, तेव्हा करारात मी असे लिहून देईन: नवी पात्रे 18 महिने, एकूण तीनच, आणि पुढची पात्रे विक्रीचा ठरलेला टप्पा गाठला तर वेगळ्या मोबदल्यावर. आठाची अकरा झाली तर 66 जोड्या होतात, त्या पाच जणांना झेपतील. बॅलन्स दोन वर्षे, वर्षातून जास्तीत जास्त दोनदा, शिवाय स्पर्धा बिघडवणाऱ्या दोषांची दुरुस्ती. ऑनलाइन आणि गेम चालू ठेवणे किमान पाच वर्षे, त्यासाठी विक्रीतील ठरावीक टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, जी पात्रांच्या खर्चासाठी वापरता येणार नाही. प्रकाशक ‘तीन वर्षे’ म्हणतो तेव्हा तुम्ही पाच म्हणालात तर त्याला आनंदच होईल. पैसे कुठून येणार हे त्याच वाक्यात लिहून घ्या.

त्याखाली आणखी दोन अटी घाला. सपोर्ट थांबवताना शेवटच्या आवृत्तीत लॅनवर (एकाच ठिकाणच्या स्थानिक जाळ्यावर) आणि थेट आयपी पत्त्यावर जोडून खेळण्याची सोय असेल आणि ती बांधायचा वेळ आत्ताच वेळापत्रकात धरला जाईल. आणि स्टीमवरील गेमचे पान प्रकाशकाच्या खात्यात असेल, तर करार संपल्यापासून ठरलेल्या दिवसांत ते खरेदीदारांच्या परीक्षणांसह तुमच्या खात्यात वर्ग होईल. ही दुसरी अट मान्य करायला प्रकाशक खळखळ करतील, म्हणून ती वाटाघाटीत सर्वांत आधी मांडा. तुमचा कोड फ्लोटिंग पॉइंटवर (दशांश आकड्यांवर) चालतो की पूर्णांकांवर, हे कळवलेत तर पीसी आणि कन्सोल यांच्यात सामने जुळवताना काय अडेल, तेही सांगू शकेन.